तिसऱ्या चौकटीत काय भरायचं?

एकरी साठ हजार सुटले पाहिजेत. निफाड असो, येवला असो की चांदवड, नाशिक जिल्ह्यात कांदा लावणाऱ्या घरातला हिशेब याच वाक्यापासून सुरू होतो. मुलाचं हॉस्टेल, सोसायटीचं पीककर्ज, ट्रॅक्टरचा हप्ता यांची बेरीज आधी होते आणि मग माणूस उलटा चालत येतो: इतके सुटायचे तर भाव किती मिळायला हवा? पूर्वी हे खताच्या बिलामागे, पेनाने व्हायचं. आता घरातलं शिकलेलं पोर ते एक्सेलमध्ये मांडतं. 'डेटा' टॅब, त्यात 'व्हॉट-इफ अ‍ॅनालिसिस', त्यात 'गोल सीक'. तीन चौकटी उघडतात. पहिलीत ज्याचं उत्तर हवं तो सेल सांगायचा, इथे निव्वळ नफा. दुसरीत लक्ष्य, साठ हजार. तिसरीत सांगायचं की हे लक्ष्य गाठण्यासाठी कोणता सेल बदलायचा.

आपला सगळा जीव पहिल्या दोन चौकटींत अडकलेला असतो. लक्ष्य मोठं की छोटं, वास्तव की अवास्तव, यावर घराघरांत आणि मंत्रिमंडळातही चर्चा होते. तिसरी चौकट मात्र हात आपोआप भरून टाकतो. माझं म्हणणं असं की आर्थिक लक्ष्यावरून मागे येण्याच्या या पद्धतीतला एकमेव खरा निर्णय तिसऱ्या चौकटीतच होतो. तिथे कुणाच्या ताब्यातला आकडा आपण टाकतो, यावर तो हिशेब ठरतो की नुसती इच्छा, हे अवलंबून असतं.

कांद्याचाच हिशेब पुरा करू. आकडे उदाहरणादाखल घेतो, पण शेतकऱ्याला ते ओळखीचे वाटतील. एक एकर उन्हाळ कांदा. रोप, लागवड, खतं, फवारण्या, निंदणी, काढणी, चाळीत भरणं, पुन्हा निवडणं, गाडीभाडं असा खर्च धरू ९० हजार. उत्पादन १०० क्विंटल. एप्रिलमध्ये चाळीत भरलेला माल सप्टेंबरपर्यंत ठेवला तर सड, मोड आणि वजनघट मिळून ३० टक्के गेला असं धरू, म्हणजे विकायला उरला ७० क्विंटल. खर्च ९० हजार, वर सुटायला हवेत ६० हजार. गोल सीकला 'भाव बदल' म्हटलं की क्षणात उत्तर येतं: क्विंटलला २,१४३ रुपये. पोरगं खूश, कारण मागे कधीतरी याहून जास्त भाव मिळालेला त्याला आठवतो.

आता भाव १,५०० वर खिळवून टाका आणि तिसऱ्या चौकटीत एकेक करून दुसरे सेल भरा. उत्पादन बदल म्हटलं तर मशीन म्हणतं, एकरी १४३ क्विंटल काढ. खर्च बदल म्हटलं तर ९० हजारांचा ४५ हजार कर, म्हणजे निम्मा. चाळीतली घट बदल म्हटलं तर उत्तर येतं शून्य. पाच महिने चाळीत राहून एकही कांदा सडता कामा नये, एकाला मोड येता कामा नये, आणि वजनही जसंच्या तसं राहायला हवं. क्षेत्र बदल म्हटलं तर एकरी पंधरा हजारच सुटतात, तेव्हा चार एकर लाव. प्रश्न एकच, साठ हजारांचा. उत्तरं पाच, आणि पाचही गणिताच्या दृष्टीने बिनचूक. पण शेतावर ती उतरतात का ते पाहू. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. विकिरणाने कांद्याचे मोड थांबतात, पण सड त्याने थांबत नाही. तेव्हा शून्य घट हे उत्तर शेतावर कुठेच उतरत नाही. खर्च निम्मा करायचा तर मजुरी आणि खतं कुणाच्या खिशातून काढायची? आणि चार एकर लावायला आधी चार एकर आणि चार एकरांचं पाणी असावं लागतं.

म्हणून हात परत भावाकडे वळतो. तोच सेल सगळ्यांत सैल दिसतो, कारण तो खरोखर वरखाली होत असतो. पण तो शेतकऱ्याच्या हातात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण हटलं ते १ एप्रिल २०२५ ला. ज्या घराने २,१४३ हा आकडा भिंतीवर लिहून कांदा चाळीत भरला, त्या घराची तिसरी चौकट दिल्लीत कुणीतरी भरत होतं, आणि त्यांच्या शीटमधलं लक्ष्य वेगळं होतं: शहरातल्या किरकोळ बाजारात कांदा अमुक रुपयांच्या वर जाऊ द्यायचा नाही. दोन्ही बाजूंनी गोल सीकच चाललं होतं. एकाचं लक्ष्य दुसऱ्याचा बदलता सेल होता, एवढंच. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांद्याचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले होते, ते देशभर गाजलं. कुठल्या सेलवर कुणाचा ताबा आहे हे त्या मनीऑर्डरने जितकं नेमकं सांगितलं, तितकं एखाद्या अहवालाने क्वचितच सांगितलं असेल.

आणखी एक अडचण शीटच्या बाहेर असते. एका घराच्या शीटमध्ये उत्पादन आणि भाव हे दोन सुटे सेल असतात, एक बदलला तरी दुसरा जागचा हलत नाही. बाजारात ते दोरीने बांधलेले असतात. सप्टेंबरात भाव चढतो म्हणून मी माल ठेवतो, हे माझ्यापुरतं ठीक. पण कसमादे पट्ट्यापासून येवल्यापर्यंत प्रत्येकाच्या शीटने तेच उत्तर दिलं, तर सप्टेंबरात सगळ्यांच्या चाळी एकदम उघडतात, आणि थोड्याच दिवसांत नवा लाल कांदाही बाजारात उतरतो. एकट्यासाठी बरोबर असलेलं उत्तर सगळ्यांनी मिळून अमलात आणलं की चुकतं. हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही, कारण शेजाऱ्याची चाळ त्याच्या शीटमध्ये नाही.

उत्तरावरून मागे जाण्याची ही युक्ती संगणकाने शोधलेली नाही, आणि आपल्याला ती परकी तर मुळीच नाही. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या 'लीलावती'त विलोमविधी आहे: शेवटची संख्या घ्यायची आणि उलट्या क्रमाने जायचं, गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी मूळ. त्याच ग्रंथात इष्टकर्मही आहे, मनाला येईल ती सोयीची संख्या धरायची, ती उदाहरणातून चालवायची आणि निघालेल्या फळावरून प्रमाणाने खरी संख्या काढायची. गोल सीक त्याच कुळातलं. तेही आधी अंदाज धरतं, चूक किती झाली ते बघतं, अंदाज सुधारतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये शंभर फेऱ्यांपर्यंत हे चालतं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, त्याचा शिलालेख नाशिकच्या शेजारच्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला सापडला. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. पण 'लीलावती'तल्या उदाहरणांत आणि आपल्या शीटमध्ये एक फरक आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. तिथे भुंग्यांची किंवा हत्तींची संख्या उदाहरण रचणाऱ्याने आधीच ठरवलेली असते. ती कुठेतरी आहे आणि आपण फक्त शोधायची आहे, याची हमी असते. साठ हजारांच्या मागे असा भाव कुणी ठेवून दिलेला नसतो. गोल सीक जे काढून देतं ती गरज असते, आणि पडद्यावर ती भाकितासारखी दिसते. दोन दशांश स्थळांपर्यंत आलेला आकडा माणसाला खरा वाटतो, त्याला काय करणार!

हा गोंधळ भाबडेपणाने होतो तोवर नुकसान आपलंच असतं. तो ठरवून केला की त्याचं नाव प्रकल्प अहवाल. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत छोटं युनिट टाकायचं म्हणून कर्ज मागणाऱ्या कुणालाही विचारा. बँकेला डीएससीआर नावाचा आकडा हवा असतो. वर्षाला मुद्दल आणि व्याज मिळून जेवढं फेडायचं, त्याच्या साधारण दीडपट रोख धंद्यातून उभी राहते का, हे तो दाखवतो. अहवाल बनवणारा माणूस दीड हा आकडा दुसऱ्या चौकटीत टाकतो आणि तिसरीत विक्री. मग पहिल्या वर्षी क्षमतेच्या साठ टक्के उत्पादन, दुसऱ्या वर्षी सत्तर, तिसऱ्या वर्षी ऐंशी, असे पायऱ्यापायऱ्यांचे आकडे येतात. तुम्ही कधी असे चार अहवाल शेजारी ठेवून पाहिलेत, तर पावडर कोटिंगचं युनिट असो की बेकरी, पायऱ्या त्याच. ऑर्डर देणारा एकही ग्राहक त्या कागदात नसतो. कर्ज घेणाऱ्याला हे माहीत असतं, अहवाल करणाऱ्याला माहीत असतं, आणि बँकेत तो वाचणाऱ्यालाही माहीत असतं. तिघांनाही माहीत असलेला हा आकडा पुढे वसुलीच्या नोटिशीत मात्र कर्जदाराच्या एकट्याच्या नावावर निघतो. मला हे अप्रामाणिकपणाहूनही वाईट वाटतं, कारण ज्या साधनाने त्या माणसाला वेळीच सांगता आलं असतं की 'बाबा, यासाठी तुला पहिल्याच वर्षी अमुक इतका माल विकावा लागेल, तेवढी गिऱ्हाइकं तुझ्याकडे आहेत का', त्याच साधनाने त्याचं तोंड बंद केलं.

नोकरदाराचं गणितही यातून सुटत नाही. पंधरा वर्षांत एक कोटी, परतावा वर्षाला १२ टक्के धरला, तर महिन्याला साधारण १९,८०० रुपये गुंतवावे लागतात. घरात तेवढे निघत नाहीत, दहा हजारच निघतात. इथे प्रामाणिक माणूस लक्ष्य खाली आणतो किंवा वर्षं वाढवतो. पण तिसऱ्या चौकटीत परताव्याचा दर भरला तर शीट निमूटपणे सांगतं, पावणेएकोणीस टक्क्यांच्या आसपास मिळवा. आणि तेवढा, किंबहुना त्याच्या दुप्पट-तिप्पट, दर देऊ करणारं कुणीतरी शहरात नेहमीच असतं. नाशिकने २०१४ मध्ये 'केबीसी' या गुंतवणूक घोटाळ्यात ते पाहिलं आहे. अशा योजनांत पैसे घालणाऱ्यांना आपण लोभी म्हणून मोकळे होतो. त्यांतल्या बऱ्याच जणांनी मुलीच्या लग्नाची किंवा घराची रक्कम आधी ठरवली होती आणि तिच्यापासून मागे येताना एकच सेल मोकळा सोडला होता.

आता सरकारकडे येऊ. २८ फेब्रुवारी २०१६ ला बरेलीच्या सभेत पंतप्रधानांनी शेतकऱ्यांचं उत्पन्न २०२२ पर्यंत दुप्पट करण्याचं स्वप्न मांडलं आणि दुसऱ्याच दिवशी ते अर्थसंकल्पात आलं. मग अशोक दलवाई यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०१५-१६ हे पायाभूत वर्ष धरलं आणि मागे येत येत आकडा निघाला: सात वर्षं, दरवर्षी खऱ्या अर्थाने, म्हणजे महागाई वजा जाता, १०.४ टक्के वाढ. दुप्पट, सात वर्षं, १०.४. यात शेताबद्दल काहीच नाही, हे गणित कुठल्याही मुदत ठेवीला लागू आहे. पण मी या आकड्याची टिंगल करणार नाही. उलट या सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत उपयोगी आकडा होता. शेतीचं उत्पन्न सलग सात वर्षं या वेगाने वाढणं किती अवघड आहे, हे जाणकारांना तेव्हाच दिसत होतं. गोल सीकने आपलं काम चोख केलं होतं, उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही. पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीत काय दिसलं? शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न २०१२-१३ मध्ये ६,४२६ रुपये होतं, ते २०१८-१९ मध्ये १०,२१८ झालं, तेही महागाई वजा न करता. त्यात पिकांपासून आलेले ३,७९८ आणि मजुरी-पगारातून आलेले ४,०६३. शेतकरी म्हणून मोजलेल्या घराला पिकांपेक्षा मजुरी-पगाराने जास्त दिलं. म्हणजे सेल बदलला खरा, पण तो 'भाव'ही नव्हता आणि 'उत्पादन'ही नव्हता. घरातलं कुणीतरी बाहेर कामाला जाऊ लागलं होतं.

मग हे उलटं गणित टाकूनच द्यावं का? नाही. ते नीट कसं करायचं हे नाशिक जिल्ह्यातच, कांद्याच्या शेजारच्या बांधावर दिसतं. द्राक्षवाला पैशाच्या आधी तारखेवरून मागे येतो. बागलाणात, सटाण्याकडे, आगाप द्राक्षं घेणाऱ्याला माल नाताळच्या तोंडावर हवा असतो, कारण तेव्हा बाजारात गर्दी नसते. २० डिसेंबरला काढणी धरली आणि छाटणीपासून सव्वाशे दिवस धरले, तर गोडी छाटणी १७ ऑगस्टला पडते. शेवटची फवारणी कधी थांबवायची हेही काढणीवरून मागे मोजलेलं असतं, कारण युरोपात औषधाचा अंश मर्यादेबाहेर सापडला तर कंटेनर परत. छाटणीची तारीख हा सेल पूर्णपणे बागायतदाराच्या हातात आहे. कात्री त्याची, दिवस त्याने ठरवलेला. म्हणून हे गणित चालतं. त्याची किंमतही त्याला ठाऊक असते: ऑगस्टात छाटायचं म्हणजे फुटवा आणि फुलोरा पावसात सापडणार, डावणी रोगाशी झुंजावं लागणार, जमलं तर प्लास्टिकचं आच्छादन टाकावं लागणार. तो ही जोखीम मोजतो आणि घेतो, आणि तिला लक्ष्यात लपवत नाही.

त्यातही शीटवर नसलेले सेल निघतातच. २०१० मध्ये युरोपात नाशिकच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या बोलीतलं सीसीसी, सापडलं आणि निर्यातीचा हंगाम कोसळला. रासायनिक अंशांच्या चाचण्या होत होत्या, पण ज्याची चाचणी होत होती त्या यादीत हा घटकच नव्हता. आणि खरड छाटणीनंतर, मे-जूनमध्ये, काडीत पुढच्या हंगामाचे घड ठरतात. तेव्हा ऊन नसेल तर ऑक्टोबरच्या छाटणीला कितीही अचूक तारीख साधा, फुटीतून घडच निघत नाहीत. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस आला तेव्हा हे पुन्हा कळलं. तरी फरक असा की द्राक्षवाला अशा प्रत्येक फटक्यानंतर शीटमध्ये एक रकाना वाढवतो. अंश तपासणी वाढते, काडीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते, आणि मग छाटायचं की नाही हे ठरतं.

तारखेवरून मागे येण्याचं सध्याचं मोठं उदाहरण नाशिक शहरात चालू आहेच. २०२७ च्या सिंहस्थाची तारीख पंचांगाने ठरवलेली, ती कुणाला हलवता येत नाही. रस्ते, घाट, पाणी, साधुग्राम, सगळं तिथून मागे मोजायचं. ते योग्यच. पण साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याची गोष्ट निघाली तेव्हा नाशिककर रस्त्यावर का उतरले, हे प्रशासनाला समजायला हवं होतं. कुंभाला त्यांचा विरोध नव्हता. तिसऱ्या चौकटीत झाडं कुणी भरली, आणि कुणाला विचारून, हा त्यांचा प्रश्न होता.

म्हणून माझं मागणं साधं आहे. लक्ष्य ठेवा, मोठं ठेवा, मागे या. पण एकाच सेलवर थांबू नका. आपल्या हातातला सेल कोणता ते आधी ठरवा, त्यावर गोल सीक चालवा; उत्तर अशक्य आलं तर तेच उत्तर आहे असं समजा आणि लक्ष्याला हात घाला. नाइलाजाने भावासारखा दुसऱ्याच्या हातातला सेल मोकळा सोडावाच लागला, तर आलेल्या आकड्याला इतिहासासमोर उभं करा. लासलगाव बाजार समितीचे रोजचे किमान, कमाल आणि सरासरी भाव जाहीर होतात, मागची वर्षंही मिळतात. गेल्या दहा वर्षांच्या सप्टेंबरातले सरासरी भाव एका रकान्यात उतरवा आणि २,१४३ च्या वर किती दिवस भाव गेला ते मोजा. त्याला 'काउंटइफ' हे एक सूत्र पुरतं, गोल सीकपेक्षा सोपं. पीककर्ज देणाऱ्या सोसायट्यांनी, जिल्ह्यातल्या बँकांनी आणि कृषी सहायकांनी कर्जाच्या अर्जात एवढी एक ओळ घालावी: हे कर्ज फिटायला लागणारा भाव किती, आणि मागच्या दहा वर्षांपैकी किती वर्षी तो मिळाला. दुसरा आकडा दोन किंवा तीन आला, तर तो कर्जदाराला सही करण्याआधी वाचून दाखवावा.